खानदानी व्हायचंय? आधी तुमान शिवा

सतराव्या शतकात जन्म घ्यायचाच असेल, तर बाप निवडताना फार चोखंदळ राहू नका. पैसेवाला असला की पुरे. खानदान मागाहून विकत मिळतं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनं १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ ही पदवी काढली, किंमत १०९५ पौंड. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात ३० शिपाई तीन वर्षं पोसायचा हा खर्च, म्हणजे रोजचा बरोब्बर एक पौंड. हप्त्यांची सोय आहे. शिपाई कुठायत, हे मात्र विचारू नका. नावापुढे ‘सर’ लागतं आणि तुमच्यामागे थोरल्या चिरंजीवांनाही लागतं, मग ते कितीही दिवटे निघोत.

‘मला नको बुवा मानपान’ असला साधेपणा तर मुळीच करू नका. जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० पौंड असूनही राज्याभिषेकाच्या वेळी ‘नाइट’ ही पदवी घ्यायला जे फिरकले नाहीत, त्यांना पहिल्या चार्ल्सनं १६३० पासून गाठून गाठून दंड केला.

आता तुमान. १६६० च्या सुमाराला शिवायची ती ‘ऱ्हाइनग्रेव्ह’च. नाव एका जर्मन सरदाराच्या पदवीवरून पडलंय. पदवी डोक्यावर परवडत नसेल तर पायात घाला. घेर असा हवा, की परकर कुठला आणि तुमान कुठली हे फक्त शिंप्याला कळावं. कमरेला, गुडघ्यांना फितींचे झुपके. किती? जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकानं लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये असाच एक रेशमी प्राणी पाहिला. याच्या अंगावरच्या फितींत सहा दुकानं लुटली जातील आणि वीस फेरीवाल्यांचा धंदा उभा राहील, असं त्यानं १६६१ मध्ये लिहून ठेवलंय. तुम्ही सातव्या दुकानाकडे वळा.

घालताना पाय मोजा. त्याच वर्षी टाउनसेंड नावाचे गृहस्थ दोन्ही पाय एकाच नळीत घालून दिवसभर हिंडले. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. आणि हे गृहस्थ राजाच्याच कपड्यांच्या खात्यातले!

दोन जोड एकदम शिवू नका. ऑक्टोबर १६६६ मध्ये दुसरा चार्ल्स लांब बंडीची नवी फॅशन जाहीर करणार आहे, ‘ही कधीच बदलणार नाही’ अशा ग्वाहीसकट. महिना-दीड महिन्यात बातमी येईल, की फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं तसल्याच बंड्या आपल्या नोकरांना घातल्या.

पदवी त्या लुईकडूनही मिळते. १६९६ मध्ये त्यानं सरदारकीची ५०० पत्रं विक्रीला काढली, ६००० लिव्हरला (हे तिथलं चलन) एक. घाई करा, १७१५ मध्ये ती रद्द होणार आहेत. तुमानीचे निदान उशांचे अभ्रे तरी निघतात.