मंडळीचा इतिहास, पाने चौसष्ट

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाच्या, वर्धापनाची स्मरणिका काढायची ठरली की जाहिराती तरुण संघाकडे जातात, संदेश सेक्रेटरीकडे आणि ‘इतिहास’ त्या दिवशी मीटिंगला न आलेल्याच्या गळ्यात पडतो. मंडळी नगरच्या पहिल्या मंडळीइतकी जुनी असेल, तर त्या बिचाऱ्याची मला आधीपासूनच कीव येते.

पहिलं भांडण सालाचं. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली, नगरला काम सुरू झालं डिसेंबर १८३१मध्ये आणि मंडळी रीतसर स्थापन झाली १८३३ला. ज्याला सोहळा लवकर उरकायचाय त्याला १८३१ पटतं. ज्याच्याकडे वर्गणीची जबाबदारी आहे त्याला १८३३. मंडळी म्हणजे सभासद, तेव्हा १८३३च खरं, असं माझं मत आहे. ते कमिटीत मांडू नये.

मग नाव. आधी काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण बघायचा, असा प्रोटेस्टंट पंथ), १९२४पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, २९ नोव्हेंबर १९७०पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आता तर शहरही अहिल्यानगर झालंय. ज्या काळाबद्दल लिहिताय त्या काळचं नाव ठेवा आणि पुढे सरका.

खरा माल असतो बाप्तिस्मा रजिस्टरात. कपाट उघडण्याआधी नाकाला रुमाल बांधावा, हात कोरडे असावेत. जुन्या शाईत लोह असतं. ती कागद खात जाते आणि दाट लिहिलेली अक्षरं जाळीसारखी गळतात. म्हणून पान कोपऱ्याला धरून उलटायचं नाही, खाली पुठ्ठा सरकवून उचलायचं. ज्या पानांना कसर लागलेली नसते त्यांना कुणा उत्साही खजिनदाराने सेलोटेप लावलेली असते. ती पिवळी पडते आणि काढताना आजोबांच्या नावासकट निघते. लॅमिनेशन सुचवणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवावं. ते प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांक येऊ द्या. नाहीतर तीनशे सारख्या फोटोंपुढे बसून प्रार्थनाच करावी लागते.

वाचायला बसलं की शमुवेल याकोब भेटतो. त्याचा मुलगा याकोब शमुवेल, नातू परत शमुवेल याकोब. आडनाव तिघांनाही नाही. बापाचं नाव, तारीख आणि बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं नाव एका ओळीत मांडल्याशिवाय हे तिघे वेगळे होत नाहीत. मुली लग्नानंतर गायबच होतात. त्या विवाह रजिस्टरात सापडतात.

अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा, १८५४ला पाळकपदाची दीक्षा मिळालेले हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक, ना. वा. टिळकांची भजनं, एवढं प्रत्येक स्मरणिकेत असतं, कारण प्रत्येक स्मरणिका आधीच्या स्मरणिकेवरून उतरवलेली असते. उतरवताना एखादं साल चुकलं की ते पुढे वडिलोपार्जित होतं. घंटा कोण वाजवायचं, दिव्यांना तेल किती लागायचं, घरोघरी जाऊन बायांना बायबल सांगणाऱ्या बायबल वूमनना पगार काय होता, हे मात्र हिशेबाच्या वहीत पडून राहतं. मी असते तर निम्मा इतिहास त्या वहीतूनच काढला असता.

शेवटी छापखाना. तिथे एका मोठ्या कागदाच्या घडीची सोळा पानं होतात, तो एक फॉर्म. असे चार, म्हणून चौसष्ट पानं. त्यातून जाहिराती, संदेश आणि कमिटीचे फोटो वजा केले की एकशे नव्वद वर्षांना उरतात नऊ पानं. तेवढ्यात कुणीतरी पणजोबांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. छापल्यावर त्यात फक्त मिशा ओळखू येतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे आधीच सांगून ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की रफार उड्या मारतात आणि ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. म्हणून प्रूफ दोघांनी तपासावं: एकाने रजिस्टरातून नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. शुद्धिपत्राचा कागद तरीही आधीच आणून ठेवा. त्यातही एखादा शमुवेल चुकतो.