येट्सला डर्बी मिळाली नाही, तरीही

शर्यतींचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे डर्बीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी घ्या किंवा महालक्ष्मीवरची, अंतर सुमारे २४०० मीटर आणि घोड्याला संधी आयुष्यात एकदाच. माझ्या मते घोड्याची खरी पारख त्यापुढच्या अंतरावर आणि त्यापुढच्या वर्षांत होते, आणि याला येट्स या घोड्यासारखा दाखला दुसरा नाही.

आयर्लंडमध्ये प्रशिक्षक एडन ओब्रायन यांच्या तबेल्यात तयार झालेला हा घोडा २००४ च्या डर्बीसाठी सर्वांचा आवडता होता. पण दुखापतीमुळे त्याला शर्यतीतून काढून घ्यावे लागले आणि त्या वर्षाचा उरलेला मोसम वाया गेला. पुढच्या वर्षी त्याच एप्समवर, तेवढ्याच अंतराचा कोरोनेशन कप त्याने जिंकला. तिथे थांबला असता तरी नाव राहिले असते. मात्र २००६ मध्ये त्याला इंग्लंडमधल्याच अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये उतरवले. या शर्यतीचे अंतर अडीच मैल, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर.

एवढ्या अंतरावर नुसता वेग कामाला येत नाही. सुरुवातीला घोड्याने शांत राहून दम राखायचा, स्विन्ली बॉटमच्या सखल भागातून वर येणारा चढ चढायचा आणि शेवटच्या आखूड सरळ टप्प्यात, पाय जड झालेले असताना, पुन्हा जोर लावायचा. येट्सने हे २००६ पासून २००९ पर्यंत सलग चार वर्षे केले, आणि त्याआधी कोणालाही ही शर्यत चार वेळा जिंकता आली नव्हती. या चार विजयांत फॅलन, किनेन आणि मर्टा असे तीन वेगवेगळे जॉकी त्याच्यावर होते, म्हणून श्रेयाचा मोठा वाटा मी निःशंकपणे घोड्यालाच देतो.

त्यातही २००९ ची शर्यत मी पुन्हा पुन्हा पाहतो. वय आठ, मोसमातली पहिली शर्यत हरलेला. अखेरच्या टप्प्यात पटकाई हा तरुण घोडा पाठलाग करत होता. येट्स मान खाली घालून धावत राहिला, अंतर वाढत गेले आणि बाकीचे घोडे तर पार मागे पडले.

आज अ‍ॅस्कॉटच्या परेड रिंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, त्याचा कांस्य पुतळा आहे. पण सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींच्या पैदाशीत लवकर तयार होणाऱ्या, वेगवान घोड्यांनाच मागणी असल्यामुळे त्याला मुख्यतः अडथळ्यांच्या शर्यतींचे घोडे पैदा करण्यासाठी ठेवले गेले. ही उपेक्षा मला आजही खटकते. २०२२ ची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत, तीही चार मैलांहून लांब, नोबल येट्सने जिंकली तेव्हा बापाचा दम पोरात उतरलेला सगळ्यांनी पाहिला. मात्र अडथळ्यांच्या बहुतेक घोड्यांप्रमाणे नोबल येट्सही खच्ची केलेला आहे. त्याच्यापासून पुढची पिढी होणार नाही.