महाबळेश्वर उतरताना बोटं गारठली: ग्लव्जवरच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टारपेक्षाही मला जास्त लागलं ते तुमचं एक वाक्य: पसरणी घाटात ब्रेक दाबतोय की नाही हेच बोटांना कळत नव्हतं. सायकलवाल्याला याहून वाईट काही नाही. तुम्ही सुखरूप खाली पोचलात, हे सगळ्यात महत्त्वाचं.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्या मुलुंडच्या दुकानातून थंडीसाठी पूर्ण बोटांचे ग्लव्ज घेतले. डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे वाईला उतरताना त्यांचे हात गारठले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाईत चहा पिऊन झाल्यावरही सुन्न होतं. दवाने ग्लव्ज ओले झाले. ग्लव्ज घालून फोनची स्क्रीनही चालेना. त्यांचं म्हणणं असं की जाड ग्लव्ज मागितले असताना आम्ही पातळ गळ्यात मारले आणि नंतर बदलूनही दिले नाहीत.

'गळ्यात मारले' हे मला मान्य नाही. तुम्ही काउंटरवर सांगितलं होतं की सकाळी ठाणे, येऊर, घोडबंदर रोड आणि सुट्टीला कधीतरी कसाऱ्यापर्यंत जाता. त्यासाठी मी दाखवलेला जोड आजही तोच दाखवेन: हाताच्या पाठीवर वारा अडवणारं कापड, आत बारीक फ्लीस, तळव्याला पातळ कापड आणि सिलिकॉनची पकड. महाबळेश्वरचा विषय तेव्हा निघाला नव्हता. पण मी इतकं सविस्तर लिहितोय ते दुकानाची बाजू मांडण्यासाठी नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून दुसरं कुणीतरी 'पातळ नको, सगळ्यात जाड द्या' म्हणेल आणि तसले ग्लव्ज घालून घाट उतरेल, याची मला खरी काळजी वाटते.

आधी थंडीचं बोलू. मुंबईत थंडी म्हणजे पहाटे सोळा-सतरा अंश. सांताक्रूझला आजवरचं सर्वात कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलं गेलं, ते ७.४ अंश. म्हणजे आपल्या शहरात जी थंडी विक्रम ठरली, तेवढी महाबळेश्वरला डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पडू शकते. साडेतेराशे मीटर उंचीवरच्या त्या गावात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात. त्यात सायकल स्वतःचा वारा स्वतः तयार करते. वाऱ्यामुळे जाणवणारा गारठा काढायचं जे सूत्र अमेरिका आणि कॅनडाचे हवामान विभाग २००१ पासून वापरतात, त्यात दहा अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा घातला तर उघड्या कातडीला सहा अंशांसारखं वाटतं. पाच अंश घातले तर उणे एक. घाट उतरताना चाळीसचा वेग कुणालाही सहज लागतो.

आणि हात या वाऱ्यात सगळ्यात पुढे असतात, हलतही नाहीत. बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. हातातून जाणारं गरम रक्त हीच त्यांची ऊब. शरीराला गार वाटायला लागलं की ते आधी छाती-पोट सांभाळतं आणि हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. चढताना पाय राबत असतात, त्यामुळे अंगात उष्णता तयार होत असते. उतारावर पाय थांबतात आणि वारा तिप्पट होतो. म्हणूनच चढताना 'ग्लव्ज काढून टाकू का' असं वाटणाऱ्या माणसाची बोटं पुढच्या पाच किलोमीटरांत लाकडासारखी होतात.

यातून निघणारी गोष्ट दुकानदार म्हणून माझ्या फायद्याची नाही, तरी सांगतो: हात गार पडण्याचा उपाय पुष्कळदा हातावर नसतो, छातीवर असतो. घाटमाथ्यावर थांबून जर्सीवर एक पातळ, वारा न शिरणारं जॅकेट चढवा, गळ्याशी चेन बंद करा, मग उतरा. युरोपातले रेसर पूर्वी डोंगरमाथ्यावर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सारून उतरायचे. टपरीवरच्या रद्दी पेपरने आजही तेवढंच काम होतं आणि खर्च काहीच नाही.

आता जाड ग्लव्ज. तुम्ही मागितले असतेत तर मी दाखवले असते, पण डोळे झाकून दिले नसते. वाईहून चढताना त्यात घाम येणार. ओला कपडा कातडीवर असला की उष्णता झपाट्याने निघून जाते; पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे चढताना भिजलेला जाड ग्लव्ज उतरताना पातळ कोरड्यापेक्षा वाईट. दुसरं, जाड कापडातून ब्रेकचा लिव्हर किती दाबला हे बोटाला नीट कळत नाही आणि गिअर बदलताना एकाऐवजी दोन बटणं दाबली जातात. तुमचा हात लहान आहे, लिव्हर आधीच तुम्हाला लांब पडतो. त्यात बोटांना जाड आवरण म्हणजे पकड आणखी अपुरी. मनालीच्या बाजारात मिळणारे बर्फात खेळायचे ग्लव्ज किंवा बाइकवाल्यांचे, बोटांच्या गाठींवर कडक कवच असलेले ग्लव्ज सायकलवर घालू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, ते याच कारणाने.

त्याऐवजी थर करा. आत मेरिनो लोकरीचं किंवा साधं विणलेलं पातळ लायनर, म्हणजे आतून घालायचा हातमोजा, बाहेर तुमच्याकडे आहेत तसलेच वारा अडवणारे ग्लव्ज. चढताना लायनर खिशात, माथ्यावर हातात. फक्त बाहेरचा जोड घेताना लायनरची जागा धरून माप घ्यायचं. घट्ट ग्लव्ज कितीही भारी असला तरी गारच पडतो, कारण तो रक्त अडवतो आणि ऊब धरून ठेवणारी हवेची फटही दाबून टाकतो. अंगठा सोडून बोटांच्या गाठींवरून टेपने घेर मोजा, मूठ वळून बघा, बोटं फाकवून बघा. बोटांच्या बेचक्यात कापड ओढलं जायला नको आणि टोकाशी किंचित मोकळीक हवी. यासाठीच काउंटरला ब्रेक लिव्हरसकट एक हँडल बसवून ठेवलं आहे. ग्लव्ज घालून ते धरल्याशिवाय कुणी पैसे देऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

करंगळीबद्दल मात्र नीट ऐका ताई, कारण रिव्ह्यूतला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. थंडीने बोटं बधिर होतात तेव्हा बहुतेक सगळ्याच बोटांची टोकं जातात, पांढरी पडतात आणि ऊब मिळाली की झिणझिण्या येऊन, दुखून पूर्ववत होतात. तुमची बाकीची बोटं चहाच्या कपाने शुद्धीवर आली. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र आलं नाही. नेमकी ही दोनच बोटं सुन्न राहतात तेव्हा संशय थंडीवर कमी आणि अल्नर नसेवर जास्त जातो. ही नस तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाजवळ अगदी वरून जाते. उतारावर अंगाचं वजन हातांवर येतं, मनगट मागे वाकतं, रस्त्याचे हादरे तिथेच बसतात आणि नस दाबली जाते. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं सर्रास आढळतं की डॉक्टरांमध्ये त्याला 'सायक्लिस्ट्स पाल्सी' असं नावच आहे.

यावर जाड ग्लव्ज हा उपाय नाही. चुकीच्या जागी जेलची गादी असली तर दाब उलट वाढू शकतो. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार हातांवर येतो. ते आधी तपासायचं. मग सीटपासून हँडलचं अंतर, लिव्हरचा कोन, टायरमधली हवा. आणि हाताची जागा दर काही मिनिटांनी बदलायची सवय. बधिरपणा दिवसभर राहिला किंवा बोटं फाकवताना, चिमटीत कागद धरताना जोर कमी वाटला, तर ग्लव्ज-सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

दवाने ग्लव्ज भिजले हे खरं आहे, आणि ते भिजणारच होते. वारा अडवणारं कापड म्हणजे पाणी अडवणारं कापड नव्हे. बिलावर आणि पाकिटावरही 'विंडप्रूफ' एवढंच आहे. पूर्ण वॉटरप्रूफ ग्लव्जमध्ये आत पडदा असतो, पण बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं, वाळायला दोन दिवस घेतं आणि आतला घाम सहज बाहेर जात नाही. आपल्या पावसात तर त्यांची गरजच नाही. जुलैत बोटं भिजली तरी गारठत नाहीत. लेह-मनालीला गार पावसात जाणार असाल तर निओप्रीनचे, म्हणजे रबरासारख्या फोमचे घ्या, ते ओले होऊनही ऊब धरतात. महाबळेश्वरसाठी सोपा मार्ग म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा जोड जर्सीच्या मागच्या खिशात. फोनची स्क्रीन चालत नाही ही तक्रार ग्लव्ज धुतल्यानंतरची असेल तर फॅब्रिक सॉफ्टनर टाकणं बंद करा, गार पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.

बदलून देण्याबद्दल. न वापरलेला जोड आम्ही सात दिवसांत बदलून देतो, शिवण उसवली तर वापरलेलाही देतो. घाम लागलेले, घाट उतरून आलेले ग्लव्ज दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येत नाहीत, म्हणून ते परत घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने हेच सांगितलं आणि ते बरोबर सांगितलं. स्टार बदला असंही मी म्हणणार नाही.

पण तुमची सायकल मला बघायची आहे. सीट, हँडल आणि लिव्हर तपासून तुमच्या हाताला बसवून देऊ, त्याचे पैसे नाहीत. लिव्हर आत घ्यायचा छोटा स्क्रू बहुतेक सायकलींना असतोच. तो फिरवला तरी लहान हाताला किती फरक पडतो ते तुम्हालाच जाणवेल. तुमच्याच ग्लव्जच्या आत बसतील अशी लायनर दोन मापांत ठेवली आहेत, ती घालून बघा; घेतलीच पाहिजेत असं नाही. शनिवार-रविवारी सकाळी गर्दी असते, तेव्हा मधल्या वारी दुपारी चारनंतर या. येताना सायकल, ते ग्लव्ज आणि त्या दिवशी घातलेलं जॅकेट, तिन्ही आणा. हँडल धरल्यावर बाही वर सरकून मनगट उघडं पडतं का, ते मला बघायचं आहे.