‘डेंटल फुकट, वर पगार’ : फॉरवर्डमध्ये काय खरं, काय नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘मुलगी डेंटलला चाललीय? कर्ज काढू नका. सैन्य सगळी फी भरतं, वर दरमहा पैसे देतं. बदल्यात फक्त चार वर्षं नोकरी. डेंटिस्टला लढाईवर कोणी पाठवत नाही, आणि नाहीच जमलं तर पैसे भरून सुटता येतं.’ योजना खरी आहे. १९७२च्या कायद्याने सुरू झालेली ही हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप, म्हणजे एचपीएसपी, लष्कर, नौदल आणि हवाई दल तिघंही देतात. फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते, तेव्हा ग्रीनकार्डवाल्यांना तिचा उपयोग नाही.

‘सगळं फुकट’. फी, पुस्तकं, महिन्याचा भत्ता, चार वर्षांची स्कॉलरशिप घेतली तर वर २० हजार डॉलर बोनस, हे सगळं मिळतं. भत्ता आणि बोनस करपात्र असतात, एवढंच. गोम वेगळीच आहे. कॉलेज महाग असो की स्वस्त, चार वर्षांच्या स्कॉलरशिपला सेवा चारच वर्षं. काही खासगी कॉलेजांत चार वर्षांचा एकूण खर्च पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. टेक्सासच्या सरकारी कॉलेजात तिथल्याच रहिवासी मुलीला फी त्याच्या मानाने फारच कमी. दोघी तेवढीच वर्षं देणार, पण एकीचं पाच लाखांचं कर्ज वाचलं आणि दुसरीचं असं की बाहेर प्रॅक्टिस करून काही वर्षांत फिटलं असतं. हा हिशेब एकाही फॉरवर्डमध्ये दिसत नाही. शिवाय १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांना ‘ग्रॅड प्लस’ हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद, आणि डेंटलसारख्या कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. त्यामुळे महागड्या कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांनी या योजनेकडे जरा गंभीरपणे बघावं, हे मीही म्हणेन.

‘फक्त चार वर्षं’. करार एकूण आठ वर्षांचा असतो. चार वर्षं प्रत्यक्ष सेवा, उरलेली राखीव यादीत. यादीतल्यांना सहसा कोणी बोलवत नाही, पण बोलावलं तर जावं लागतं. कॉलेजची चार वर्षं वीस वर्षांच्या पेन्शनमध्ये धरत नाहीत. आणि ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याचं स्पेशलायझेशन, करायचं मनात असेल तर नीट ऐका: सैन्यातल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे अशा पुढच्या प्रशिक्षणाच्या, जागा थोड्या, त्याही सैन्याच्या गरजेनुसार. त्या काळात जुनी सेवा फिटत नाही, वर बहुतेक वेळा नवी वर्षं चढतात.

‘लढाईवर पाठवत नाहीत’. पाठवतात. अमेरिकी सैन्यात प्रत्येक सैनिकाच्या दातांना चारांपैकी एक वर्ग मिळतो. येत्या बारा महिन्यांत दात दगा देईल असं दिसलं की वर्ग तीन; तपासणीच थकली असेल तर वर्ग चार. या दोन वर्गांतला माणूस मोहिमेला अपात्र ठरतो. म्हणजे तुकडी निघण्याआधीच डेंटिस्टचं काम सुरू होतं, आणि तुकडी निघाली की कधी कधी तोही निघतो. विमानवाहू जहाजांवर डेंटल विभाग असतो आणि ते जहाज महिनोन्महिने समुद्रात असतं. बंदूक चालवायला नेत नाहीत हे खरं, पण म्हणून घरी ठेवतात असं नाही.

‘पैसे भरून सुटता येतं’. हे खास आपल्याकडचं डोकं. महाराष्ट्रात बॉन्ड म्हटलं की दंडाची रक्कम भरायची आणि मोकळं व्हायचं, हेच पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. इथे ती निवड तुमच्या हातात नाही. मध्येच सोडलं तर पैसे वसूल करायचे की दुसऱ्या कामावर सेवा करायला लावायची, हे सैन्य ठरवतं. ‘बाबा चेक फाडतील’ या भरवशावर सही करू नये.

एका गोष्टीचा मात्र मेसेजमध्ये उल्लेखही नाही. परकीय सैन्यात असलेल्यांना, आणि तिथून निवृत्त झालेल्यांनाही, ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. आजी-आजोबा पुण्यात, चुलतभावाचं लग्न कोल्हापुरात, आणि कॅप्टन झालेल्या मुलीला आधी वरिष्ठांकडून परवानगी घ्यायची, मग भारताच्या व्हिसासाठी अर्ज करायचा.