शटडाऊन म्हणजे शटडाऊन नव्हे
विंडोजच्या बऱ्याच मशीनवर एकदम सॉफ्टवेअर कसं बसवायचं, त्यावरच्या लेखात म्हटलंय की ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय) एमएसआय फाईल (विंडोजची इन्स्टॉलर फाईल) टाकली की सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर आपोआप बसतं. बसतं हो, पण कधी बसतं ते पण लिहायचं ना! मी इंदूरला एका कॉलेजची लॅब सांभाळतो, ६० पीसी. कॉम्प्युटरला असाइन केलेलं, म्हणजे माणसाला नाही तर मशीनला नेमून दिलेलं पॅकेज बूट होताना, लॉगिनच्या आधी बसतं, आणि आमची पोरं रोज संध्याकाळी शटडाऊन करून जायची तरी सकाळी बघावं तर निम्म्या मशीन कोऱ्याच. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं की विंडोजची फास्ट स्टार्टअप ही लवकर चालू व्हायची सोय चालू होती, म्हणजे शटडाऊन हे खरं शटडाऊन नसतंच, कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर झोपवून ठेवतात, त्यामुळे सकाळी पूर्ण बूट होतच नाही; रीस्टार्ट केलं की मात्र बसतं.

अजून एक, पॅकेज ठेवलेल्या शेअर फोल्डरला डोमेन कॉम्प्युटर्सची (डोमेनमधल्या, म्हणजे त्या सर्व्हरला जोडलेल्या मशीनच्या खात्यांचा गट) रीड परमिशन लागते, कारण इन्स्टॉल मशीनच्या खात्याने होतं. मी आपला स्वतःच्या लॉगिनने फाईल उघडून बघायचो आणि म्हणायचो, उघडतंय की बरोब्बर!

आणि नवं सॉफ्टवेअर एकदम सगळीकडे सोडू नका हे लेखात शेवटच्या ओळीत उरकलंय, ते सगळ्यात वर पाहिजे होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा एरर स्क्रीन येऊन बंद पडल्या, आणि कितीतरी ठिकाणी माणसांना एकेका मशीनपाशी जाऊन त्या उठवाव्या लागल्या. मी आता पहिल्या रांगेतल्या पाच पीसींचा ओयू (पॉलिसी वेगळी लावता येते असा मशीनचा गट) वेगळा ठेवलाय, काय फुटायचं ते तिथे फुटू दे.