सैंधवाचा खडा आणि ‘८४ खनिजं’

इंदूरकडच्या गोठेवाल्यांत एक संदेश फिरतोय: सैंधवात ८४ खनिजं असतात, दावणीला खडा टांगा, पाण्यात चुना कालवा, खुराकात घालायच्या खनिज मिश्रणाचे पैसे वाचवा, टॉनिकच्या बाटल्यांचीही गरज नाही.

सैंधव जवळपास ९७ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. जनावर दिवसाला ३० ग्रॅम चाटतं असं धरा. उरलेलं सगळं कॅल्शियमच मानलं तरी ते ०.९ ग्रॅम, आणि एका लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम निघून जातं. बाकीच्या ८३ खनिजांना मग जागाच उरत नाही! खडा जरूर टांगा, वैरणीत सोडियम कमीच असतं. पण त्याचं काम तेवढंच.

चुन्यातून कॅल्शियम मिळतं, खरं. फॉस्फरस नाही मिळत, आणि गव्हाच्या भुशात नेमकी त्याचीच वानवा: ६ किलोतून जेमतेम ५-६ ग्रॅम, तर १० लिटर दुधाबरोबर ९ ग्रॅम बाहेर. दुभत्या गाईला दोन किलो चापड, म्हणजे गव्हाचा कोंडा, पडत असेल तर बरंच भागतं, कारण त्यात सुमारे १ टक्का फॉस्फरस असतो. फटका बसतो तो नुसत्या भुशावर ठेवलेल्या भाकड गाईंना आणि कालवडींना. माती, चिंध्या, हाडं चघळतात, माजावर उशिरा येतात. त्यांना चुना पाजला की कॅल्शियम-फॉस्फरसचा आधीच बिघडलेला तोल आणखी बिघडतो.

सगळ्यात घातक म्हणजे गाभण जनावराला चुना. विण्याआधीचे तीन आठवडे कॅल्शियम भरपूर मिळालं, तर हाडांतून ते ओढून घ्यायची शरीराची तयारी सुस्तावते. व्याल्यावर चीक सुटतो, रक्तातलं कॅल्शियम घसरतं, जनावर मान कुशीकडे वळवून बसतं, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच द्यावं. भराभर सोडलं तर हृदय बंद पडतं.

टॉनिकच्या बाटल्यांबद्दल मात्र संदेश बरोबर आहे. ब जीवनसत्त्वं पोटातले जंतू बनवतात, क यकृतात तयार होतं. फक्त ब-१२ साठी त्या जंतूंना कोबाल्ट लागतो, तो मिश्रणातून मिळतो.

मिश्रण मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम, जास्त दुधाळ असेल तर १०० पर्यंत, वासराला २०-२५; ओलसर खुराकात नीट कालवून. पिशवीवर आयएस १६६४ ची, म्हणजे खनिज मिश्रणाच्या भारतीय मानकाची, खूण पाहा. मिश्रण मीठ घातलेलं आणि बिनमिठाचं, दोन्ही मिळतं. बिनमिठाचं घेतलं तर ३० ग्रॅम मीठ वेगळं घाला.