३०० युनिट फुकट? थोडा खुलासा

‘केंद्र सरकार प्रत्येक घराला ३०० युनिट वीज मोफत देणार, सौर पॅनेलही फुकट बसवणार,’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, चूक माझीच.

योजना खरी आहे: पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी केंद्राची योजना. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ७५,०२१ कोटींच्या खर्चासह ती मंजूर केली, लक्ष्य १ कोटी घरं. सरकारी निवेदनात हे सगळं स्पष्ट आहे. पण पॅनेल फुकट नाही. आधी आपण बसवायचं, मग अनुदान बँक खात्यात येतं: १ किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्त असेल तर ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठं बसवा, ७८ हजारच. उरलेले पैसे आपले, नाहीतर कर्ज.

‘३०० युनिट’ म्हणजे आपल्याच छतावर तयार होणारी वीज. छत हवं आणि ऊनही. (पावसाळ्यात कोकणात काय होतं ते विचारू नका.) शिवाय बिलातला स्थिर आकार (वीज कितीही कमी वापरली तरी दरमहा लागणारी ठरावीक रक्कम) राहतोच.

माझा आधीचा मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया तिथे हा टाका, आणि जुना फिरवणं थांबवा. अर्ज फक्त योजनेच्या सरकारी पोर्टलवरच करा.